साठ टक्के गोदावरी

आमच्या दुकानाचा जुना बोर्ड साडेआठ फूट लांब आणि अडीच फूट उंच होता. हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. बावीस वर्षं त्या बोर्डाखाली बसून मी लोकांना इलॅस्टिक, लेस, अस्तर मापून दिलं. डोक्यावरचा पत्रा मापायची वेळ कधी आली नव्हती. ती आणली ट्रेड लायसन्सच्या नूतनीकरणानं.

दुकान बेळगावात, बाजारातल्या एका गल्लीत. शिलाईचं सामान विकतो. बटणं, रिळं, हुक, चेन, बुकरम, कॅनव्हास, साडीचे फॉल. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९७१ साली सुरू केलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं: 'गोदावरी बटण भांडार'. 'बायकोला बाजारात उभी केलीस' असं त्यांचे वडील तेव्हा म्हणाले होते म्हणे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ही गोष्ट अजून सांगतात. सांगताना लाजतात की मिरवतात, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

बोर्ड निळा, अक्षरं पिवळी. वर मोठं देवनागरी, खाली बारीक इंग्रजी, आणि डाव्या कोपऱ्यात वरच्या अंगाला थाळीएवढं लाल बटण, चार भोकांचं. रंगवणारे पेंटर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ते बटण मामंजींनी मुद्दाम काढून घेतलं होतं, कारण आत्याबाईंना वाचता येत नाही. ना मराठी, ना कन्नड. स्वतःचं नाव बाजारात अडीच फुटी पत्र्यावर लिहिलेलं आहे, हे त्यांना लोकांनी सांगितलेलं. बटण मात्र त्यांनी स्वतः बघितलेलं. आजही रिक्षावाल्याला त्या 'लाल गुंडीच्या दुकानाला सोड' म्हणतात.

मार्चमध्ये नूतनीकरणाचे कागद द्यायला गेले. मागच्या वर्षीचं लायसन्स, घरपट्टीची पावती, लाईट बिल, आधार. सगळं फाईलमध्ये लावून नेलेलं. काऊंटरवरच्या मुलानं फाईल उलटून बघितली, दुकानाचा फोटो मागितला. मोबाईलमधला दाखवला. त्यानं बोटांनी फोटो मोठा केला, बोर्डापाशी थांबला आणि एक छापील कागद माझ्यापुढं सरकवला. कागद पूर्ण कन्नडमध्ये.

मला कन्नड बोलता येतं. दुकानात दिवसभर बोलतेच. बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीकडचे शिंपी आमचे जुने गिऱ्हाईक आहेत. पण वाचणं म्हणजे एसटीची पाटी आणि आकडे, तेवढंच. माझं माहेर गडहिंग्लज, शाळा सगळी मराठी. मी विचारलं, हा कागद मराठीत मिळेल काय? तो मुलगा उद्धट नव्हता. उलट थोडा ओशाळलाच. 'मेलिंद ऑर्डर बंदैत्री,' म्हणाला. वरून ऑर्डर आलीय. वरून म्हणजे कुठून, हे विचारायची आपल्याकडं पद्धत नाही.

कागद घेऊन शेजारच्या बांगडीवाल्या अण्णांकडं गेले. अण्णांच्या घरात कन्नड. दुकानात मराठी, कन्नड, हिंदी, जशी बाई येईल तसं. त्यांनी चष्मा पुसून वाचला आणि मला मराठीत सांगितला. बोर्डावर साठ टक्के कन्नड पाहिजे आणि ते वर पाहिजे. बाकीच्या चाळीस टक्क्यांत मराठी, इंग्रजी काय घालायचं ते घाला. नाहीतर लायसन्स अडणार.

'तुमचं काय टेन्शन?' मी म्हटलं. 'तुमची तर घरचीच भाषा.'

अण्णांनी वर बोट दाखवलं. त्यांच्याही बोर्डावर वर मराठीच होतं, ठळक. 'खानापूर, चंदगडकडच्या बायका येतात बांगड्या भरायला. त्यांना वाचता आलं पाहिजे की नको? घरच्या भाषेनं बांगड्या खपतात काय?'

हा साठ टक्क्यांचा नियम आला कुठून, तर बंगळुरातून. तिथं भांडण इंग्रजीशी होतं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथं मोर्चे निघाले, मॉलच्या आणि मोठमोठ्या शोरूमच्या इंग्रजी पाट्या फोडल्या गेल्या. सरकारनं आधी वटहुकूम काढायचं ठरवलं, राज्यपालांनी तो परत पाठवला, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळात कन्नड भाषा समग्र विकास कायद्याची दुरुस्तीच मंजूर करून घेतली. बंगळुरातल्या काचेच्या शोरूमसाठी शिवलेला सदरा असा आमच्या गल्लीच्या अंगावर आला. तिथं कन्नड पुसली जातेय ही त्यांची तक्रार खरी असेल, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या गल्लीत इंग्रजी कुठाय? बारीक अक्षरात फोन नंबरापुरती. इथं साठ टक्के मोजले की कात्री चालते ती मराठीवरच.

आणि बेळगावात पाटी म्हटलं की ती नुसती पाटी राहत नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवर 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' असा फलक होता. जुलै २०१४ मध्ये कोर्टाच्या आदेशावरून तो पाडला, गावानं पुन्हा उभा केला, पुन्हा पाडला, आणि लाठ्या चालल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव 'बेळगावी' झालं. तारीख पण बघा. एका बाजूला कर्नाटकच्या स्थापनेची, राज्योत्सवाची मिरवणूक, दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिन. त्या दिवशी आम्ही शटर खाली ओढून घरी बसतो. निषेध म्हणून काय, भीती म्हणून काय, शटर तेच. त्यामुळं लायसन्सच्या कागदावर 'बोर्ड बदला' असं वाचलं तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते निव्वळ खर्चाच्या विचारानं झालं असं म्हणता येणार नाही.

रात्री भावाला फोन केला. त्याचं कोल्हापुरात मोबाईलचं दुकान आहे. तो तापलाच. 'आक्का, ही जबरदस्ती हाय. आपल्या दुकानावर काय लिहायचं हे सरकार कोण सांगणार? तुम्ही सगळ्यांनी मिळून कोर्टात जावा.' दहा मिनिटं बोलत होता. मलाही बरं वाटलं. माहेरचं माणूस आपल्या बाजूनं ओरडलं की बरं वाटतंच.

आमची लेक कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला. ती बाजूला बसून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, 'आई, मामाच्या दुकानाचं काय झालं होतं आठवतंय काय तुला?'

आठवत होतं. मामाचा बोर्ड पूर्ण इंग्रजी होता, चकाचक, आत दिवे लागणारा. महाराष्ट्रानं २०२२ मध्ये कायदा बदलून प्रत्येक दुकानाला मराठी पाटी सक्तीची केली. देवनागरीत, आणि दुसऱ्या कुठल्याही भाषेपेक्षा अक्षर लहान नको. मुंबईतले दुकानदार हायकोर्टात गेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये हायकोर्टानं त्यांची याचिका फेटाळली, वर पंचवीस हजार भरायला लावले. ते सुप्रीम कोर्टात गेले. तिथं सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत मिळाली: पाट्या लावा. मामानं कुरकुरत दिवाळीला नवा बोर्ड केला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला.

लेकीनं तो ग्रुप उघडला, वर वर सरकवत नेला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. फोटोखाली माझाच मेसेज होता. 'छान झालं!! महाराष्ट्रात मराठी नाही लावायची तर कुठं लावायची?' पुढं तीन फेटे बांधलेले बाहुले.

मी मोबाईल परत दिला आणि भाकऱ्या टाकायला उठले.

ती मागून स्वयंपाकघरात आली. पोरीला वाद घालायचा असला की ती लसूण सोलायला घेते. म्हणाली, 'हायकोर्टानं काय म्हटलं होतं माहीत आहे? दुसऱ्या भाषेवर बंदी नाही, लावा की हवी ती. पण दुकान लोकांसाठी असतं, आणि इथल्या लोकांना मराठी कळते. हेच सगळं मराठीच्या जागी कन्नड घालून वाच. वाचवतंय काय?'

मी म्हटलं, 'इथल्या लोकांना मराठीच कळते.'

'काही लोकांना. तुझ्या निम्म्या शिंप्यांना कन्नडच वाचता येतं. त्यांच्यासाठी इतकी वर्षं एक ओळ लिहिलीस काय तू?'

लिहिली नव्हती. बावीस वर्षांत सुचलंसुद्धा नव्हतं. गोकाकचा शिंपी मराठी पाटीखालून वाकून आत येतो, कन्नडमध्ये काळ्या रिळाचा डबा मागतो, मी कन्नडमध्ये भाव सांगते. त्याला आमच्या दुकानाचं नाव काय वाटत असेल हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नाही. हे कबूल करायला मला दोन दिवस लागले, आणि लेकीसमोर मी अजूनही केलेलं नाही.

पण म्हणून कायदा बरोबर, असंही मला वाटत नाही. आमची खरी बाचाबाची तिथंच झाली. महाराष्ट्राचा कायदा म्हणतो, मराठी लहान नको. म्हणजे बरोबरीनं लिहा. आमचा म्हणतो, कन्नड मोठी पाहिजे आणि वर पाहिजे. बरोबरीनं लिहायला सांगितलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. (बोलले असते. पण कमी.) शेजारी बसायला जागा मागणं आणि उठवून बसणं यात फरक आहे की नाही? लेक म्हणाली, कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात हाच खेळ झाला होता. फक्त फ्रेंच पाट्या लावायच्या असा कायदा होता, तो कॅनडाच्या सुप्रीम कोर्टानं १९८८ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याला धरून नाही म्हणून उडवला. मग सरकारनं १९९३ मध्ये 'दुसरी भाषा चालेल, पण फ्रेंच ठळकपणे मोठी पाहिजे' असं केलं. ते आजही चालू आहे. म्हणजे कॅनडात कुणीतरी बाई बर्फात उभी राहून बोर्ड मापत असणार. मला त्या बाईचं बरंच वाटलं.

दुसरं एक तिनंच सांगितलं, आणि ते मला जास्त लागलं. ज्या तालुक्यात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक पंधरा टक्के किंवा जास्त आहेत, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, असं केंद्रानं आणि राज्यांनी मिळून केव्हाचंच ठरवलेलं आहे. आम्ही बेळगाव तालुक्यात पंधरा टक्के नक्कीच आहोत, डोळे मिटून. माझ्याकडून साठ टक्के मागणारा कागद पंधरा टक्क्यांच्या हिशोबानं मराठीत यायला हवा होता. पुढच्या खेपेला काऊंटरवर हे बोलून दाखवायचं ठरवून गेले. रांग लांब होती. मागं एक पोळीभाजी केंद्रवाली बाई घाईत होती, तिचा गॅस चालू होता म्हणे. माझा नंबर आला तेव्हा मी फक्त विचारलं, 'मुदत वाढवून मिळेल काय?' मिळाली. एक महिना.

कोर्टात वगैरे कोणी गेलं नाही. गल्लीतल्या दुकानदारांची एक बैठक झाली, चहा झाला, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याची चर्चा झाली, आणि शेवटी सगळ्यांना एकाच बोर्डवाल्याकडून केलं तर किती डिस्काउंट बसेल यावर एकमत झालं.

बोर्डवाला तरुण मुलगा. आता पेंटर कोण राहिलेत? एसीपी शीट, त्यावर ॲक्रिलिकची कापीव अक्षरं, सगळं कॉम्प्युटरवर. मोजून अकरा हजार चारशे सांगितले. मी म्हटलं, मापं जुन्या बोर्डाचीच ठेव, वरच्या अँगलमध्ये बसलं पाहिजे. शिडी लावली, माझाच टेप घेतला. उंची तीस इंच. त्यातले अठरा इंच कन्नडला, बारा इंच मराठी-इंग्रजीला. बारा इंचात दोन ओळी. मी इंग्रजी काढूनच टाकली. चाळीस टक्क्यांतलं तरी माझं मला ठरवू दे.

मग प्रश्न आला मजकुराचा. कन्नडमध्ये लिहायचं म्हणजे काय लिहायचं? 'गोदावरी बटण भांडार' हेच शब्द कन्नड अक्षरात, की त्याचं कन्नड भाषांतर? काऊंटरवरच्या मुलाला फोन करून विचारलं. 'अक्षरं कन्नड पाहिजेत,' म्हणाला. 'शब्द तुमचे.' म्हणजे साठ टक्के कन्नडमध्ये एकही कन्नड शब्द नसला तरी चालणार होतं. मराठीनं कन्नडचा सदरा घातला की ती पास. यात कन्नडचा विकास कसा होतो हे मला कळलं नाही, पण माझी सोय होत होती, म्हणून गप्प बसले.

बोर्डवाल्यानं मात्र न सांगता मोबाईलवर भाषांतर मारलं आणि डिझाईन पाठवलं. मी अण्णांना दाखवलं. अण्णा इतके हसले की काऊंटरवरचं बांगड्यांचं खोकं हललं. एक तर 'गो' ऱ्हस्व पडला होता. आपल्याकडं 'ओ' एकच. कन्नडमध्ये ऱ्हस्व ओ वेगळा, दीर्घ ओ वेगळा, आणि दीर्घाला अक्षराच्या शेवटी एक शेपटी लागते. ती शेपटी राहिली होती. गोदावरी धापा टाकत चालल्यासारखी वाचली जात होती. आणि दुसरं, बटणाचं भाषांतर झालं होतं 'गुंडी'.

'बरोबर हाय शब्द,' अण्णा डोळे पुसत म्हणाले. 'अंगीची गुंडी. पण गुंडी म्हणजे खड्डासुद्धा. रस्त्यातल्या खड्ड्याला गुंडीच म्हणतो आम्ही.'

मी घरी येऊन सगळ्यांना हसत सांगितलं. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. 'त्यात काय चुकलं?' म्हणाल्या. 'आम्ही पण गुंडीच म्हणायचो की. मी तुझ्या सासऱ्याच्या सदऱ्याला गुंडी लावायचो. बटण हे तुम्ही शाळा शिकल्यावर आणलासा.' (आमच्याकडच्या बायका 'लावायचो', 'येतो' असंच म्हणतात. पुण्याची जाऊ पहिल्यांदा आली तेव्हा तिला वाटलं, बोलणारं कोणीतरी पुरुषमाणूस आहे.)

खरंच होतं ते. दुकानात येणारा शिंपी, मराठी असो की कन्नड, म्हातारा असेल तर गुंडीच मागतो. बटण इंग्रजांकडून आलं आणि आम्ही ते 'मराठी' म्हणून पाटीवर चढवलं. गुंडी दोन्ही घरची, ती मात्र भाषांतर म्हणून परत येत होती. मग मी ठरवलं. वर कन्नडमध्ये 'गोदावरी गुंडी भंडार', खाली मराठीत 'गोदावरी बटण भांडार'. 'गो'ला शेपटी लावून घेतली. अण्णांनी स्वतः बोर्डवाल्याकडं जाऊन तपासलं. गावाचं नाव वर कन्नडमध्ये 'बेळगावी', खाली मराठीत 'बेळगाव'. बोर्डवाल्यानं विचारलं, 'दोन्हीकडं एकच नको काय?' मी म्हटलं, नको.

ह्याच दिवसांत, एप्रिल २०२५ मध्ये, लेकीनं मला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल पाठवला. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर मराठीच्या खाली उर्दूत नाव लिहिलं होतं. ते काढा म्हणून एक माजी नगरसेविका कोर्टात गेल्या होत्या. कोर्टानं सांगितलं, मराठी लिहा असं कायदा म्हणतो, उर्दू लिहू नका असं म्हणत नाही. भाषा लोकांची असते, धर्माची नसते. मी तो कन्नड-मराठी दोन्ही येणाऱ्या चार दुकानदारांना पुढं पाठवला. दोघांनी अंगठा दाखवला. एकानं विचारलं, 'यात साठ टक्क्यांचं काय म्हटलंय?'

आणखी एक सांगून टाकते, नाहीतर मीच फार सोज्वळ दिसेन. कर्नाटक सरकारनं १९९४ मध्ये पहिली ते चौथी मातृभाषेतूनच किंवा कन्नडमधूनच शिकवायचं असा आदेश काढला होता. त्यावर खटला वीस वर्षं चालला. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की मूल कुठल्या माध्यमात शिकणार हे आईबापानं ठरवायचं, सरकारनं नाही. त्याच्या आधीच माझी लेक इंग्रजी शाळेत गेलेली होती. आमच्या भागातल्या मराठी शाळेचा पट तेव्हा गळत होता, महाराष्ट्र एकीकरण समितीचे एक कार्यकर्ते घरी येऊन सांगून गेले होते, 'वैनी, पोरगी मराठीत घाला.' मी चहा दिला आणि इंग्रजीत घातली. तेव्हा मला माझं स्वातंत्र्य बरोबर ठाऊक होतं. आज ती कन्नड फर्राटेदार वाचते, कारण शाळेत सक्तीची होती. मार्चमधला तो कागद मी अण्णांकडं नेला, घरात तिच्याकडं नाही. का नेला नाही, हे तिनंच मला विचारलं होतं.

मे महिन्यात बोर्ड लागला. आठवडाभरानं तो काऊंटरवरचा मुलगा तपासायला आला, मोटरसायकलवर, घामेजलेला. टेप विसरला होता. मी काऊंटरवरचा कापडी टेप दिला, ज्यानं आम्ही लेस मापतो. तो शिडीवर चढला. पट्टा मापायचा की अक्षरं मापायची यावर जरा अडला, मग अक्षरं मापली. कन्नड पंधरा इंच, मराठी दहा. त्यानं मोबाईलवर भाग घातला. बरोबर साठ. मला बोर्डवाल्याचं कौतुक वाटलं.

मग त्याचं लक्ष डाव्या कोपऱ्याकडं गेलं. लाल बटण. जुन्यावरून फोटो काढून मी नव्या बोर्डावर तसंच करून घेतलं होतं, थाळीएवढं, वरच्या पट्ट्यात.

'हे कशात धरायचं?' त्यानं विचारलं.

'चित्र आहे. त्याला कुठली भाषा?'

'हौद्री,' म्हणाला. म्हणजे हो की. खरंच विचारात पडला होता. बटणाचा व्यास मापला. साडेनऊ इंच. कन्नडच्या जागेत आलेलं, आणि कन्नड नाही. शिडीवर उभं राहूनच त्यानं कुणाला तरी फोन लावला. बराच वेळ 'हौदु सर, हौदु सर' चाललं. खाली उतरला आणि नजर चुकवत म्हणाला, ते तेवढं काढून टाका, उगाच कटकट नको. मी विचारलं, नियमात चित्राबद्दल काही आहे काय? 'नियमात नाही,' म्हणाला. 'पण साहेबांनी सांगितलंय.'

त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलेलं होतं. शिडीवर हात वर केल्यावर गळा उघडा पडत होता. मी डब्यातून मिळतंजुळतं काढून दिलं, आईला लावायला सांग म्हटलं. तो घेईना. मग घेतलं, आणि दोन रुपये काऊंटरवर ठेवूनच गेला.

बटण काढलं. ॲक्रिलिकचं होतं, चिकटवलेलं, सोललं की निघालं. खाली गोल पांढरट डाग राहिला, तो अजून आहे. लायसन्स जूनमध्ये हातात पडलं. कन्नडमध्ये. मी अण्णांकडं नेलं नाही. लेकीला समोर बसवून अक्षर अक्षर लावत नाव तेवढं स्वतः वाचलं. आठ-दहा मिनिटं लागली. 'गो'ची शेपटी त्यात बरोबर आहे.

जुना पत्रा टाकवेना. बटणांच्या रॅकच्या मागं उभा लावून ठेवलाय, ओल येते त्या भिंतीला. खोक्यांच्या फटीतून 'दाव' एवढंच दिसतं.

लाल बटण मी शटरवर रंगवून घेतलं. शटर म्हणजे बोर्ड नव्हे, तिथं कोण टक्के मोजणार? रंगवणारा पोरगा शिडी न आणता आला होता, त्यानं बसल्या बसल्या खालच्या पट्ट्यांवर काढलं. मोठं आहे, परातीएवढं.

दिवाळीआधी आत्याबाई दुकानाला आल्या. गुडघ्यांमुळं वर्षातून दोन-तीनदाच येणं होतं. रिक्षावाल्यानं गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि त्या चालत चालत आमच्यावरून पुढं गेल्या, अण्णांच्या दुकानापुढं उभ्या राहून वर बघत राहिल्या. मी धावत जाऊन हाताला धरून आणलं.

'माझी गुंडी कुठं हाय?'

'शटरवर आहे, आत्याबाई. दुकान उघडलं की वर गुंडाळली जाते.'

'मग दुकान उघडं असलं की मी कसं ओळखायचं?'

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनी पायरीवर बसून जरा विचार केला. 'शटर थोडं खाली ओढ की,' म्हणाल्या.

आता त्या येणार असल्या की मी शटर दोन फूट खाली ओढून ठेवते. बटणाची खालची दोन भोकं दिसतात, तेवढी त्यांना पुरतात. उंच गिऱ्हाईक असेल तर वाकून आत येतं.